पहिली हाक वाया जाते

वयाच्या ५४व्या वर्षी मी दोन कॉम्प्युटरांची ओळख करून द्यायला बसलो. दोघेही खोटे होते.

आमचं वायफाय बिघडलं की एक मुलगा येतो, राउटरकडे पाहून ‘प्रॉब्लेम मागनंच आहे’ म्हणतो आणि जातो. हे ‘मागनं’ म्हणजे नेमकं कुठनं, एवढंच मला शिकायचं होतं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीनं लॅपटॉपवर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे खोट्या यंत्रांचं नेटवर्क जोडून पाहायचा प्रोग्रॅम, टाकून दिलं. म्हणाली, “यात काही जळत नाही मामा. कर काय वाट्टेल ते.” फ्यूज बांधताना अख्ख्या वाड्याची वीज घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

पहिली अडचण वायरची. ढोबळ नियम असा, की एकाच जातीची दोन यंत्रं जोडायला क्रॉस वायर आणि वेगवेगळ्या जातीची असली तर सरळ. माझी आत्या जन्मभर लग्नं जुळवत आली. तिला हे सांगायची माझी हिंमत नाही. पीसी आणि स्विच, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा डबा, सरळ वायरनं जोडले, तर दिवा नारिंगी. वायर काढून पुन्हा घातली. नारिंगीच. असं सातदा झाल्यावर भाचीनं फोनवर सांगितलं, की वायर फिरून आपल्याकडेच तर येत नाही ना, हे स्विच आधी तपासतो. त्याला ३० सेकंद लागतात. मी त्याला दर २० सेकंदांनी दचकवत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी मधे राउटर आला. त्याची दारं मुळात बंद असतात आणि ‘उघड’ अशी आज्ञाच नाही. ‘नो शटडाउन’ म्हणायचं. ‘या’ न म्हणता ‘येऊ नका असं काही नाही’ म्हणणारी घरं पाहिलेली असल्यानं हे मला चटकन समजलं. मग समोरच्याला हाक मारायच्या ‘पिंग’ या आज्ञेचं स्पेलिंग घाईत चुकलं, ‘पनिग’ झालं. राउटरला वाटलं, हे कुणाचं तरी नाव. तो ‘पनिग कोण हो?’ असं साऱ्या गावाला विचारत सुटला आणि बराच वेळ परतलाच नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पिंग गेलं. १९८३ साली माइक म्यूस यांनी हा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव ठेवलं. चार हाका मारल्या. पहिली वाया, पुढच्या तिन्हींना ओ! माझंच काही चुकलं असेल म्हणून सिम्युलेशन मोडमध्ये एकेक पाऊल टाकत पाहिलं. पाकीट राउटरपाशी आलं. पलीकडच्या गल्लीचा आयपी पत्ता त्याला ठाऊक होता, पण दारावरचा नंबर, म्हणजे मॅक, ठाऊक नव्हता. त्यानं गल्लीत ओरडून विचारलं, “१९२.१६८.२.१० कोण?” उत्तर येईपर्यंत हातातलं पाकीट त्यानं टाकून दिलं होतं. आमच्याकडे रविवारी सकाळी ‘अगं, चहा’ या हाकेचं हेच होतं.

मी टाळी वाजवल्यावर सौ. बाहेर आली. “झालं का? काय बोलले दोघं?”

“बत्तीस बाइट.”

“म्हणजे काय ते सांगा ना.”

खऱ्या विंडोजच्या पिंगमध्ये ए ते डब्ल्यू आणि मग पुन्हा ए ते आय अशी अक्षरं जातात, हे मी त्याच दुपारी वाचलं होतं. अभिमानानं सांगितलं.

“तीन दिवस खपून एबीसीडी?” ती आत जाता जाता म्हणाली, “आणि तीसुद्धा झेडपर्यंत नाही!”