माजी हवालदार, आजी चेअरमन

कोरेगावच्या स्टँडवर उभं राहून ‘हवालदार, रामराम!’ अशी मोघम हाक मारावी. तीन माणसं वळून बघतात आणि चौथा ‘आता चेअरमन म्हणायचं’ अशी दुरुस्ती सुचवतो. हे चित्र त्या चौथ्याचं.

सातारा जिल्ह्यात पलटण ही नोकरी नसते, घरची रीत असते. शेजारच्या अपशिंगे मिलिटरी या गावाने तर ती नावातच घेतली. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. आमचे साहेबही मिसरूड फुटताच बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि चाळिशीच्या तोंडाशी पेन्शन घेऊन परतले. पेन्शन लवकर येते, म्हातारपण उशिरा. मधल्या वर्षांचं करायचं काय?

म्हणून ते एसटीत कंडक्टर झाले. एसटी 1948 साली सुरू झाली. रांग अजून व्हायची होती. ती यांनी सुरू केली. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा त्यांना शत्रूने बळकावलेल्या चौकीसारखी वाटे. रुमाल जप्त होई आणि मालकाने ओळख पटवल्यावरच परत मिळे. गाडी वेळेवर सुटू लागली. निम्मे प्रवासी मागे राहू लागले, हा भाग वेगळा.

एसटीतून सुटले आणि देवस्थानाच्या ट्रस्टवर गेले. पहिल्याच सभेत त्यांनी हजेरी पुकारली. कागदोपत्री विश्वस्तांपैकी बरेच केव्हाच वारले होते. साहेबांनी त्यांच्यापुढे ‘विनापरवाना गैरहजर’ असा शेरा मारला. मग साताऱ्याला धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल झाला. तो मंजूर होईपर्यंत नव्यांतलेही दोघे गैरहजर झाले. साहेब खचले नाहीत. श्रावणी शनिवारी जरंडेश्वराच्या पायथ्याशी भाविकांना केळी वाटताना ते आजही ‘एक पाऊल पुढे!’ असा हुकूम सोडतात, आणि भाविक देवाआधी त्यांनाच हात जोडतात.

असा हिशेबाचा आणि दमाचा माणूस पतसंस्थेला हवाच असतो. पलटणीत पगार होता, एसटीत भत्ता होता, ट्रस्टमध्ये पदरची पावती फाडावी लागे. पतसंस्थेत चहा आणि खुर्ची. मिळकत उतरत गेली तसा मान चढत गेला. सभेत ठराव पास झाला की चेअरमन टेबलावरची घंटी दोनदा मारतात. विषय पुढे सुटतो. एकदा मारली, तर बोलणाऱ्याने जागीच थांबायचं.

सीमेवर ज्यांना कधी भीती वाटली नाही, त्यांना सहकार कायद्याचं कलम 88 मात्र झोपू देत नाही. नुकसानीची वसुली संचालकांच्याच खिशातून होऊ शकते, हे त्यांना निवडून आल्यावर कळलं. तेव्हापासून पहाटे कोट, त्यावर पदकं, अशा थाटात ते थकबाकीदाराच्या दारात सावधानमध्ये उभे राहतात. बोलत काही नाहीत. गल्ली जागी होते, दूधवाला थांबतो, आणि आतून हप्ता येतो.

एकदाच डाव फसला. दार उघडलं आणि बंडीतला म्हातारा म्हणाला, ‘‘कोण रे? बटन लाव वरचं.’’ त्यांच्याच पलटणीचे सुभेदार! चेअरमननी बटण लावलं, कडक सॅल्यूट ठोकला आणि पिछेमूड केलं. पुढच्या सभेत त्या कर्जाला मुदतवाढ देण्याचा ठराव त्यांनीच मांडला आणि कुणी तोंड उघडायच्या आत घंटी दोनदा मारली.