आमेनच्या आधीची यादी

आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची प्रार्थना माझ्याकडे आहे. मागणीची प्रार्थना कोणीही करते, त्याला गरज पुरते. आभाराला आवाज लागतो, आणि तो निवृत्त मास्तरचा असला की मागच्या बाकापर्यंत जातो. रामनगरात आम्ही देवाकडे मागतो कोकणीत, तक्रार करतो कन्नडमध्ये (ही सवय सरकारी अर्जांनी लावली) आणि आभार मानतो मराठीत. शुद्ध मराठीत. ‘हे दयाघन स्वर्गीय पित्या’ म्हणून मी जो सूर लावतो, तो लावताना डोळे मिटलेले असतात, पूर्ण नाही. डावा किंचित उघडा ठेवतो. कोणाच्या डोळ्यांत पाणी आले, हे कळायला नको?

पाळकसाहेब महिन्यातून एकदा बेळगावकडून येतात. पावसाळ्यात त्या रस्त्याने ते आले, हीच आभाराची पहिली बाब. मग पाऊस, पीक, आजाऱ्यांना आराम, मुलांचे निकाल. मग खरी यादी सुरू होते. पंखा कोणी दिला, सतरंजी कोणी दिली, नाताळच्या मंडपाचा बांबू कोणाच्या बेटातला. उपासनेआधी दारातच हळू आवाजात सूचना येतात, ‘मास्तर, प्रार्थनेत तेवढं आमचं नाव घ्या.’ देवाला नाव माहीत असते, हे त्यांनाही ठाऊक आहे. सांगायचे असते ते शेजारच्या बाकाला. एखादे नाव राहिले तर तो गृहस्थ पुढचे काही रविवार दांडेलीच्या पाहुण्यांकडे जातो.

या कामाची जोखीम लूकने केव्हाच लिहून ठेवली आहे. त्याच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच आभार मानायला परत येतो, तोही शोमरोनी. त्याचे कौतुक होते. हे वाचून मी छाती फुगवतो, आणि पान उलटले की अठराव्या अध्यायात तो परूशी उभा असतो. मंदिरात जाऊन तोही आभारच मानतो. काही मागत नाही, रडत नाही, उपास करतो, दशांश देतो. अशा माणसाला आमच्याकडे लगेच खजिनदार केले असते. पण शाबासकी मिळते ती मागे उभ्या जकातदाराला, ज्याने आभाराचा शब्दही काढलेला नाही. दोन गोष्टींत एका अध्यायाचेही अंतर नाही. कोणी मला विचारले तर लूकने मधे थोडी जागा सोडायला हवी होती. आमच्यासारख्यांना दम घ्यायला.

परूशाबद्दल मला माया आहे, कारण सुगीच्या उपकारस्तुतीनंतरचा लिलाव मीच करतो. लिलावाबद्दल थोडे सांगतो. थोडेच म्हणतो आहे, पण ते जमणार नाही. लोक पहिले पीक वेदीपुढे आणून ठेवतात: भाताच्या पेंढ्या, नारळ, केळीचे घड, भोपळे, कधी एखादा कोंबडा, जो माझ्या प्रार्थनेला अचूक विरामाच्या जागी साथ देतो. उपासना संपली की सगळ्याची बोली लागते आणि पैसे मंडळीच्या पेटीत जातात. मानाची वस्तू म्हणजे मुडली. हा अळूच्या जातीतला कंद. जोयड्याच्या कुणब्यांनी असे कितीतरी कंद पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळले. आता तर जोयड्यात कंदांचा मेळाच भरतो. मुडली दिसायला मातीने माखलेली, केसाळ, मांडीएवढी जाड. सोलण्याआधी हाताला खोबरेल लावावे, नाहीतर रात्रभर खाजवत बसावे लागते. शिजवताना आमसूल घालावे, नाहीतर घसा बोली बोलतो. पण सुक्या बांगड्याबरोबर तिचे तिखट झाले, की उपकारस्तुती आपोआप होते, मास्तर लागत नाही. तर ही मुडली मी दोन्ही हातांनी उचलतो, ‘एक वार, दोन वार’ म्हणत वर्गात हजेरी घ्यावी तसा एकेकाच्या डोळ्यांत पाहतो. तीन वार झाले की घेणारा सद्गदित होऊन म्हणतो, ‘देवाला परत.’ पुन्हा बोली. एकच कंद दुपारपर्यंत सगळी प्रतिष्ठित घरे फिरून येतो आणि कोणाच्याच चुलीवर चढत नाही. किंमत वाढते ती मुडलीची नव्हे, हे मला कळते. तरी प्रत्येक बोलीला मी आवाज आणखी चढवतो. रक्कम विक्रमी झाली की पुढच्या रविवारी तिच्याबद्दल देवाचे आभार, आणि लिलाव ‘कोणाच्या हातून’ झाला, याचा ओझरता उल्लेख.

असाच एकदा रंगात येऊन मी विजेबद्दल आभार मानले. काळी नदीच्या पाण्याबद्दल, त्या पाण्याने उजळलेल्या घरांबद्दल. वाक्य झकास जमले होते. सगळे ‘आमेन’ म्हणाले. दुसऱ्या बाकावरची एक आजी म्हणाली नाही. बाहेर चपला शोधताना तिने मला गाठले. ‘मास्तर, वीज देवान दिली काय आमी?’

काळीवरचे सुपा धरण १०१ मीटर उंच आहे, पायथ्याच्या वीजघराची क्षमता १०० मेगावॅट. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे सुपे गाव त्या पाण्याखाली गेले. आमच्या जोयडा तालुक्याचे नावही तेव्हा सुपाच होते. तिथली माणसे उठवून रामनगरात आणली. आजीच्या माहेरचे भाताचे खाचर खाली आहे, घर खाली आहे, विहीर तर आता पाण्यातच आहे. रामनगरातले दिवे अजूनही आपल्या मर्जीने जातात आणि येतात.

पौलाने फिलिप्पैकरांना आभाराने ओथंबलेले पत्र लिहिले ते बेड्यांत असताना. त्याचे नाव घेऊन आम्ही पुढारी वर्षानुवर्षे सांगत आलो, सर्व स्थितीत आभार माना. पण ते पत्र कैद्याने लिहिले होते. पहारेकऱ्याने येऊन, ‘चला, आता भिंतींबद्दल आभार माना,’ असे म्हटले नव्हते. ज्याचे गेले त्याने स्वतःहून आभार मानले तर ती श्रद्धा. ज्याचे काही गेले नाही त्याने माइक हातात धरून त्याच्याकडून ते वदवून घेतले, तर त्याला काय म्हणावे? माझे खाचर बुडाले नाही. मी इथे नोकरीला आलो, तेव्हा रामनगर वसलेले होते आणि खोली भाड्याने मिळाली.

पुढच्या रविवारी मी सुधारित वाक्य केले: ज्यांनी आपल्या जमिनी दिल्या, त्यांच्याबद्दल, हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो. स्वर मुद्दाम खाली ठेवला होता. आजी तिथेच, भर प्रार्थनेत, डोळे न उघडता म्हणाली, ‘दिल्यो न्हय, घेतल्यो.’

हे प्रार्थनेत कसे घ्यायचे, ते अजून जुळलेले नाही. कागदावर बरेच खरडून झाले. ‘हे दयाघन’नंतर ते वाक्य बसतच नाही. पाळकसाहेबांना विचारले, तर ते म्हणाले, ‘मास्तर, आजींनाच करू द्या की एकदा उपकारस्तुती.’ सूचना चांगली आहे. फक्त आजींचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाईल की नाही, अशी मी शंका काढली, आणि पाळकसाहेब माझ्याकडे असे बघत राहिले, की मीच विषय बदलून यंदाच्या मुडलीवर आणला.