सर, सही!

आमच्या मामांची प्लीहा वाढली आहे. घरात काळजी, वॉर्डात मात्र उत्सव. बंगळुरूच्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्यांना दाखल केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या कोटातली पोरं एकमेकांना विचारू लागली, ‘चौदा नंबरची स्प्लीन लागली का रे तुला?’ निरोगी प्लीहा दीडशे ग्रॅमच्या आसपास, बरगड्यांआड दडलेली. दुप्पट-तिप्पट झाल्याखेरीज बोटाला लागत नाही. त्यामुळे लागणारी प्लीहा म्हणजे घबाडच. नऊ ते बारा या वेळात मामांच्या पोटावर अकरा हात फिरले. ‘आधी दुखत नव्हतं, आता दुखतंय,’ मामा म्हणाले. हे कुणी लिहून घेतलं नाही.

लिहून घ्यायचं ते लॉगबुकात. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतांवर बेतलेला आहे. प्रत्येक क्षमतेला क्रमांक आणि क्रमांकापुढे रकाने: तारीख, कितवा प्रयत्न, दर्जा, शिक्षकाचा निर्णय, शिक्षकाची सही, शिवाय ‘फीडबॅक मिळाला’ अशी विद्यार्थ्याची सही. दर्जा अक्षरात. अपेक्षेपेक्षा कमी तर ‘बी’, अपेक्षेइतका तर ‘एम’, अपेक्षेपेक्षा जास्त तर ‘ई’. ‘बी’ दिला की पुन्हा शिकवायला लागतं. ‘ई’ दिला की का दिला म्हणून कुणी विचारायचं. म्हणून अख्खी बॅच ‘एम’.

आता सहीबद्दल. सरांची सही म्हणजे एक आडवी रेघ, तिला शेपूट आणि शेपटाला टिंब. राउंड संपवून सर लिफ्टकडे निघाले की मागून ‘सर, सही!’ असा गजर होतो. सर लिफ्टच्या दारात एक पाय ठेवतात. दार बंद व्हायला येतं, पायाला लागतं, उघडतं. तेवढ्यात दोन सह्या. पुन्हा बंद व्हायला येतं, पुन्हा दोन. मी उभ्या उभ्या एकोणीस टिंबं मोजली. कुठल्या पानावर काय लिहिलंय ते पाहायला सरांना दोन्ही पाय लिफ्टबाहेर ठेवावे लागले असते. पोरीही हुशार, वही आधीच त्या पानाशी उघडून, अंगठा सहीच्या रकान्याखाली दाबून धरतात, तलाठ्यापुढे सातबारा धरावा तशा. वर पोचलेल्या लिफ्टमधून सर ओरडले, ‘उरलेले उद्या!’ खाटेशेजारचं शिक्षण म्हणतात ते हेच असावं. खाट थोडी लांब राहिली, एवढंच.

चौदा नंबर ज्या मुलाच्या वाट्याला आला होता तो बिचारा तळहातावर कन्नड लिहून आणायचा. पहिल्या महिन्याच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास झाले होते, त्यांचीही सही आहे. दोन दिवस तो तळहात वाचत होता आणि मामा मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी प्लीहा तपासताना त्यानं बेंबीच्या उजवीकडे खाली बोटं ठेवली आणि म्हणाला, ‘उसिरु एळकोळ्ळी.’ म्हणजे श्वास घ्या. मामांनी अंदाजानं घेतला. मग तो म्हणाला, ‘बिडी.’ कन्नडात बिडी म्हणजे सोडा. मामा उखडले. ‘बिडी? आयुष्यात शिवलो नाही मी बिडीला!’

पोराचा हात पोटावरच थांबला. ‘काका, तुम्ही मराठी?’

‘मग काय अरबी? तू कुठला?’

‘लातूर.’

सातारा आणि लातूर दोन दिवस एकमेकांशी मोडक्या कन्नडात बोलत होते. केसपेपरवर मामांचं गाव वरच्याच ओळीत छापलेलं आहे. केसपेपर वाचणं ही क्षमता कितव्या क्रमांकाला आहे ते बघायला हवं.

मग पोरानं पहिल्यापासून विचारायला घेतलं, आणि आमची आजी निघाली. मामांच्या आईची प्लीहा मिरजेला ऑपरेशन करून काढली होती. अधूनमधून तिचे डोळे पिवळे व्हायचे. रक्ताचा एक आजार असा पिढीजात चालतो, त्यात प्लीहा तांबड्या पेशी मोडत सुटते आणि फुगते. त्याचा माग कधीकधी असाच आईच्या ऑपरेशनात सापडतो. मग दोन दिवस कागदावर ‘कुटुंबात कुणाला नाही’ असं का होतं? कारण प्रश्न होता, ‘मनेयल्ली यारिगादरू ई तोंदरे इत्ता?’ तोंदरे म्हणजे त्रास. मामांना ऐकू आलं ‘तोंड’. तोंडाला काही झालेलं नव्हतं, म्हणून त्यांनी नाही अशी मान हलवली.

‘मग खोड की ते,’ मी म्हटलं.

‘नाही जमणार काका. हिस्टरी पूर्ण झाली. एम आहे. सही झालीय.’

इथं माझं हसू संपलं. अहो, रोग्याशी बोलणं शिकवायला या अभ्यासक्रमात वेगळे तास आहेत, त्यावर मनन लिहायचं असतं: काय घडलं, त्याचं काय, पुढे काय. मनन! सरांची हजेरी चेहरा दाखवून लागते. तो चेहरा खाटेपाशी पाच मिनिटं थांबला का, हे सांगणारं यंत्र कुणी बसवत नाही. पोरांना पीजीची प्रवेश परीक्षा दिसतेय, ती रात्रभर मोबाइलवर क्लासचे व्हिडिओ दीडपट वेगानं बघतात आणि वॉर्डात सहीपुरती येतात. त्यांना तरी काय बोलू? सहीच मोजायची म्हटल्यावर सहीच शिकणार. आणि मला चार दिवसांत कितीजणांनी काय काय विचारलं! विम्याचं कार्ड, आधार, ॲडव्हान्स, पार्किंगची पावती, रक्त देणार का. माझ्या आजीबद्दल एका माणसानं विचारलं नाही, आणि मी चोवीस तास तिथल्याच स्टुलावर बसलेला.

सुश्रुतसंहितेत चिरा घ्यायचा सराव कोहळ्यावर, भोपळ्यावर, काकडीवर करायला सांगितलाय, टाक्यांचा कापडावर आणि कातड्यावर, पट्टी बांधायचा बाहुल्यावर. शहाणपणाचं आहे. पण भोपळ्याला आजी नसते. ती ज्याला असते त्याच्याशी बोलायला शिकवणारा एक माणूस शेजारी उभा लागतो. तो लिफ्टमध्ये होता.

लातूरचा पोरगा रात्री दहानंतर स्वतःहून परत आला. स्टुलावर बसून त्यानं आजीचं सगळं, कावीळ, मिरज, ऑपरेशन, वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतलं. त्या पानाला रकाने नाहीत, क्षमतेचा क्रमांक नाही, सहीही नाही. वाचकांत कुणी निवृत्त मास्तर असतील, सही वळणदार असेल आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवायची सवय असेल, तर या. मेडिसिन वॉर्ड, खाट चौदा. भेटण्याची वेळ चार ते सहा.