जीन्सची शेवटची चार बोटं

आपल्याकडे घरात आरसा असतो आतल्या खोलीत, कपाटाच्या दाराला. चपला-बूट असतात बाहेर, उंबऱ्याशी नाहीतर जिन्यातल्या स्टँडवर. त्यामुळे जीन्सवर कुठला शर्ट, कुठला कुर्ता हे आरशासमोर ठरतं आणि जीन्सखाली काय हे दारात, एका पायावर उभं राहून, उशीर झालेला असताना. हाताला जो जोड आधी लागेल तो पायात जातो. गुडघ्याखाली आपण कसे दिसतो हे आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं.

जीन्स आणि बूट विजोड दिसतात ते यामुळे. त्याचा पैशाशी फारसा संबंध नाही. कपाटात चार जीन्स आणि स्टँडवर चार जोड पुष्कळांकडे असतात, पण त्यांची एकमेकांशी ओळखच झालेली नसते. म्हणून या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. एखादी सुट्टी काढा, सगळे जोड नीट पुसून आत आणा, कपाटातल्या सगळ्या जीन्स पलंगावर टाका आणि एकेक जीन्स एकेका जोडावर घालून आरशात बघा. एका तासाचं काम आहे.

बघायचं काय? जीन्सची शेवटची चार बोटं. कापड संपतं आणि बूट सुरू होतो ती जागा. रंगाचं नंतर, ब्रँडचं तर फारच नंतर.

त्याआधी टेप घ्या. जीन्स जमिनीवर सपाट पसरा आणि खालची रुंदी मोजा. शिंपी ज्याला बॉटम म्हणतो ते हेच. तो पूर्ण घेर सांगत असेल तर निम्मं करा. साडेसहा इंचांपर्यंत नॅरो, सात ते आठ सरळ, साडेआठ-नऊच्या आसपास बूटकट, त्यापुढे बेलबॉटम आणि बॅगी. हा पुरुषांच्या जीन्सचा ढोबळ हिशेब. बायकांच्या जीन्सला थोडं कमी धरा. कोणता जोड चालेल हे या आकड्यावरून बरंचसं ठरतं.

नॅरो जीन्स आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिच्यावर होतो. पोटरीला चिकटलेलं कापड घोट्याशी संपतं आणि पाऊल एकदम उघडं पडतं. आहे त्यापेक्षा ते मोठं दिसतं. त्याखाली जाड तळाचे फुगीर स्पोर्ट्स शूज आले की बघणाऱ्याची नजर पावलांवरून वर सरकतच नाही. इथे पातळ तळाचा, अंगाने बारीक जोड हवा. साधे लोफर, घोट्यापर्यंतचे चेल्सी बूट, कॅनव्हासचे बूट. बायकांना बॅलरिना, मोजडी, टोकदार सँडल. शाळेत पीटीच्या तासाला घालायचे ते पांढरे कॅनव्हासचे बूट, खडू लावून पांढरे केलेले, आठवत असतील. तसा एखादा जोड घरात असेल तर नॅरो जीन्सखाली तो महागड्या स्निकर्सपेक्षा जास्त शोभतो. आणि घोट्यावर चुण्यांचा ढीग साठत असेल तर जीन्स आखूड करून घ्या. एवढी साधी दुरुस्ती लोक वर्षानुवर्षं टाळतात.

सरळ जीन्स सगळ्यात उदार. गुडघ्यापासून खाली तिची रुंदी फारशी बदलत नाही, त्यामुळे बुटाचं तोंड झाकलं जातं आणि पुढचा भाग दिसतो. मार्लन ब्रँडोने १९५३च्या ‘द वाइल्ड वन’ चित्रपटात खालून दुमडलेली जीन्स आणि जाडजूड कातडी बूट घातले. स्टीव्ह जॉब्जने वर्षानुवर्षं लीव्हाइसच्या ५०१ जीन्सखाली करडे न्यू बॅलन्स बूट घातले. कैरोच्या बाजारातल्या बुटांवरून नेथन क्लार्कने बेतलेला डेझर्ट बूट १९५०मध्ये विक्रीला आला, तोही सरळ जीन्सखाली तितकाच बसतो. एक मोटरसायकलवाल्याचा बूट, एक धावण्याचा, एक मऊ स्वेड चामड्याचा. तीन वेगळे स्वभाव, आणि सरळ बॉटम तिघांनाही सांभाळून घेतो. कपाटात एकच जीन्स ठेवायची वेळ आली तर हीच ठेवा.

बूटकट आणि बेलबॉटमला टाच लागते. अमेरिकेत १९४७मध्ये रँग्लरने रोडिओतल्या घोडेस्वारांसाठी जीन्स काढली ती उंच बुटावरून पाय सहज खाली यावा अशीच बेतलेली होती. खालून पसरणाऱ्या जीन्सचं गणित आजही तेच आहे. कापडाला बुटावरून खाली पडायला उंची हवी. सपाट चपलेवर बूटकट घातली की ती रस्ता झाडते, आठवड्याभरात मागची कडा विरते आणि पाय आखूड दिसतात. सत्तरच्या दशकात बेलबॉटमखाली उंच तळाचे बूट होते ते उगाच नव्हते. घरात दीड-दोन इंच टाचेचा जोड असेल तर बूटकट त्याच्यासाठी राखून ठेवा. लांबी अशी हवी की मागची कडा टाच जवळजवळ झाकेल, पण जमिनीला टेकणार नाही. अर्ध्या इंचाचं अंतर पुरेसं आहे.

बॅगीची गोष्ट उलटी. सध्या कॉलेजात तिचंच राज्य आहे आणि तिच्याखाली नाजूक जोड घातला तर तो कापडात बुडून जातो. पाऊलच नाही असं वाटतं. नॅरोखाली नापास झालेले जाड तळाचे स्पोर्ट्स शूज इथे पहिल्या नंबरात पास होतात. बाबांचे जुने, बोजड, पांढरे बूट माप जुळत असेल तर बिनधास्त घाला.

आता घोट्यावर संपणारी जीन्स. मॉम जीन्स म्हणा, अँकल लेंथ म्हणा. हिच्यासाठी आपल्याकडे जगातला सर्वोत्तम जोड आधीच आहे आणि आपण तो कुर्त्यासाठी आणि गणपतीसाठी राखून ठेवतो. कोल्हापुरी. झाडपाल्याच्या, साली-हिरड्याच्या अर्काने कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, खिळा नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार, अशा आठ जिल्ह्यांना मिळून २०१९मध्ये तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशाच चपला चालवल्या तेव्हा आपण सगळे खवळलो, आणि बरोबरच खवळलो. कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. पण त्या दिवशी खवळलेल्यांपैकी किती जणांच्या पायात कोल्हापुरी होती? अभिमान पायात घातला तरच कारागिराच्या घरी पोचतो.

घालायची कशी, तेही सांगतो. गडद निळी, सरळ बॉटमची, घोट्यावर संपणारी किंवा एक दुमड घातलेली जीन्स. चपलेचा अंगठा, वेणी, बाजूचे कान सगळं उघडं दिसलं पाहिजे. लांब जीन्स त्यावर लोळली तर कारागिराचं सगळं काम झाकलं जातं आणि उरतो फक्त तळ. एक काळजी मात्र घ्या. इंडिगोचा रंग सुताच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरात राहतो आणि घासला की सुटतो. नव्या गडद जीन्सने फिकट चामडं आणि पांढरे बूट दोन्ही निळे होतात. पहिल्या काही धुण्यांपर्यंत खालची कडा दुमडून घाला, आणि धुताना जीन्स उलटी करून, वेगळी धुवा.

ऑफिसचे काळे, चकाकते, टोकदार बूट जीन्सखाली घालणं थांबवा. शुक्रवारी अख्ख्या ऑफिसात हेच दृश्य असतं. जीन्स हे मुळात श्रमाचं कापड. जेकब डेव्हिस आणि लीव्हाय स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं ते खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं, कारण मजुरांचे खिसे सारखे फाटायचे. अशा जाड, खरबरीत कापडाखाली आरशासारखं पॉलिश उपरं दिसतं. त्याला पोत असलेलं चामडं हवं. तपकिरी डर्बी, नक्षीच्या भोकांचे ब्रोग, मऊ स्वेड चामडं. घरात काळे ऑफिसचे बूटच असतील तर जीन्सही काळी घाला आणि बॉटम सरळ ठेवा. मग दोघांचं जमतं.

दुसरी सवय, पळायचे बूट सगळीकडे नेण्याची. जाळीचं कापड, भडक पट्टे, मागे उचललेला तळ हे सगळं धावण्यासाठी केलेलं असतं. मैदानावर ते योग्यच आहे. साखरपुड्याला, नाटकाला, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला तोच जोड गेला की वरची जीन्स कितीही चांगली असो, माणूस व्यायामाहून परस्पर आल्यासारखा दिसतो. शिवाय रोज घातल्याने त्या बुटांचा मऊ तळ दबतो आणि धावताना लागणारा आधारच संपतो. पळायचे बूट पळायला ठेवा. त्यात तुमच्या गुडघ्यांचंही भलं आहे.

जून ते सप्टेंबर हा वेगळा कायदा. भिजलेली जीन्स जड होते आणि दोन-दोन दिवस वाळत नाही. पावसाळ्यात बूटकट आणि बॅगी कपाटात राहू द्या. घोट्यावर संपणारी जीन्स आणि रबरी तळाचे सँडल किंवा फ्लोटर्स, एवढंच. कोल्हापुरीला पावसात नेऊ नका. पाण्याने तिचं चामडं फुगतं आणि आकार जातो. कागदात गुंडाळून हवेशीर जागी ठेवा, गौरी-गणपतीनंतर ऊन पडलं की ती पुन्हा तयार असते.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा उपाय. शिंपी. १९९५मध्ये अहमदाबादच्या अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ आणली तेव्हा कापड, चेन, बटणं, रिव्हेट असा अख्खा संच मिळायचा आणि जीन्स गावातला शिंपी शिवायचा. एका पिढीच्या मांडीचं, गुडघ्याचं, बॉटमचं माप त्या शिंप्याच्या वहीत होतं. रेडिमेड आल्यावर आपण दुकानातल्या लांबीलाच आपली लांबी मानायला लागलो. जीन्स घ्या आणि शिंप्याकडे जा, पण जो जोड त्याखाली घालणार तो पायात घालून किंवा पिशवीतून सोबत न्या. आपण त्याच्या दुकानाच्या पायरीवर चपला काढतो आणि अनवाणी मापाला उभे राहतो, तिथेच लांबी चुकते. कापण्याआधी जीन्स एकदा धुवा, कारण सुती कापड आटतं. आणि मूळ जाड शिलाईची पट्टी ठेवून आखूड करा, असं स्पष्ट सांगा.

घरी आल्यावर बूट निघतात आणि जीन्स तशीच राहते, ही आपली आणखी एक सवय. टाचेच्या मापाने शिवलेलं कापड मग अनवाणी पायाखाली येतं आणि मागची कडा घरातच विरते. आल्या आल्या जीन्स बदला, नाहीतर खालून दुमडा.

एवढा खटाटोप कशासाठी? लीव्हाइसनेच २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार एका ५०१ जीन्सला तिच्या आयुष्यभरात सुमारे ३,७८१ लिटर पाणी लागतं, आणि त्यातलं दोन तृतीयांशांहून जास्त कापूस पिकवण्यातच जातं. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पाण्याच्या या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने उल्हासनगरला वालधुनी नदीची काय दशा झाली, हेही आपण बघितलं आहे. कपाटातली जीन्स आणखी तीन वर्षं आनंदाने घालणं हा यावरचा आपल्या हातातला उपाय आहे, आणि माणूस आनंदाने तीच घालतो जी अंगावर चांगली दिसते.

जुळवाजुळव झाली की दोन ढीग उरतील. ज्या जीन्सला घरातला एकही जोड चालत नाही, तिचं बॉटम शिंप्याकडून बदलून घ्या; जमत नसेल तर ज्याला ती बसेल त्याला आजच द्या. ज्या बुटांची फक्त टाच झिजली आहे किंवा शिवण उसवली आहे, ते कोपऱ्यावरच्या मोचीकाकांकडे न्या आणि मागतील ते पैसे घासाघीस न करता द्या. नवीन खरेदीची यादी त्यानंतर करा. ती कोरी राहिली तर तुमची जुळवाजुळव उत्तम झाली आहे.