शाखांच्या भिंती नसलेलं कॉलेज कसं निवडावं?
नवख्या पालक-पाल्यांसाठी मार्गदर्शिका

१. साहित्य: बारावीची गुणपत्रिका, कॉलेजांची माहितीपुस्तकं, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबर मोठं घ्यावं.

२. भाषा: २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘आर्ट्स की सायन्स?’ असं विचारू नये, लोक हसतात. ‘मेजर काय, मायनर काय?’ असं विचारावं. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा. व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस ही आद्याक्षरं पाठ करावीत. अर्थ प्रवेशानंतर कळतात, कुणाकुणाला निकालानंतर.

३. हिशेब: यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक (म्हणजे क्रेडिट्स) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. वर्गातले १५ तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला मात्र ३० तास झिजावं लागतं. सुट्टीत चार श्रेयांकांचा कौशल्य-अभ्यासक्रम केला, तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. पूर्वी याला ‘शिक्षण अर्धवट सोडलं’ म्हणत.

४. बँक: मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. या ठेवीवर व्याज नाही आणि ती जास्तीत जास्त सात वर्षं टिकते. तेव्हा ‘बघू पुढे कधीतरी’ म्हणणाऱ्यांनी जपून.

५. ऐपत: पुण्यात फ्लेम विद्यापीठ आहे, सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स आहे. तिथली फी ऐकली की अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा परस्परसंबंध घरबसल्या उलगडतो, तोही फुकट.

६. खरी परीक्षा: माहितीपुस्तकात संख्याशास्त्रासोबत संगीत छापलेलं असतं. भारावून जाऊ नये, गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागावं. दोन्ही तास मंगळवारी सकाळी आठलाच असतील, तर हा संगम फक्त कागदावर आहे. मग विचारावं: हे मायनर शिकवायला पूर्णवेळ माणूस आहे, की तासिका तत्त्वावरचा? मुलं कमी आली तर इलेक्टिव्ह बंद करून सगळ्यांना कुठल्या वर्गात कोंबता? उत्तराऐवजी ‘ते ऑनलाइन होईल’ असं ऐकू आलं, तर खोडरबर काढावं.

७. शेवटची चाचणी: भौतिकशास्त्राच्या सरांना तत्त्वज्ञान विभाग कुठे आहे, ते विचारावं. ‘ऑफिसात चौकशी करा’ म्हणाले, तर पुढचं कॉलेज गाठावं. ‘जिन्याखाली, पण मॅडम आत्ता माझ्याच वर्गावर आहेत’ म्हणाले, तर फॉर्म तिथेच भरून टाकावा.