ओले नंबर एक

डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उपडी केली तरी ढिम्म हलत नाही. आमच्या पुण्याच्या घरात तिला उन्हात ठेवण्याचं खातं माझ्याकडे आहे. गॅलरीच्या कठड्यावर बाटली ठेवायची आणि ऊन सरकेल तशी सरकवायची. निवृत्त माणसाला काहीतरी पद लागतंच.

यंदा सुट्टीला आलेली पुतणी हे बघत उभी होती. ती यीस्टच्या पेशीपटलावर पीएच.डी. करते. पावात घालतात तेच यीस्ट. मी चारचौघांत "संशोधन करते" एवढंच सांगतो. "कशावर?" याचं उत्तर दिलं, की लोक चांगल्या बेकरीचा पत्ता विचारतात.

"काका, माझं यीस्ट हे काम स्वतःच करतं. उन्हाची वाट बघत नाही."

प्रत्येक पेशीभोवती चरबीचं पटल असतं, जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचं. ते थिजलं की कारभार ठप्प. तिने कोपऱ्यातला खराटा उचलला. सरळ हीर घट्ट बांधले जातात, मधे वाकडे हीर घातले की जुडी सैल पडते. चरबीच्या रेणूंचंही तसंच: खोबरेलात बहुतेक सरळ. शेंगदाण्याच्या तेलात वाकड्या ओलेइक आम्लाचा भरणा, म्हणून ते पुण्याच्या थंडीला दाद देत नाही. यीस्टला गारठा लागला, की ते आपल्या चरबीत वाकडे हीर वाढवतं. सरळ हिराला वाक आणणारं जनुक त्याच्याकडे एकच. नाव ‘ओले-वन’. ते ओलेइकवरून पडलंय हे तिने बजावून सांगितलं, पण बारशाला कुणी मराठी आत्या हजर असणार, हा माझा संशय अजून गेलेला नाही.

पण गारठ्याने चरबी घट्ट होतेय हे यीस्टला कळतं कसं? इथे मी बाटली विसरलो. पेशीच्या आत जिथे चरबी तयार होते, त्या पटलात ‘एमजीए-टू’ नावाची प्रथिनं जोडीने उभी असतात. प्रत्येकाच्या अंगाला एक बोजड अमिनो आम्ल. पटल सैल असलं तर बोजा खुशाल बाहेरच्या बाजूला. पटल घट्ट झालं, की दोघं अंग वळवून आपापला बोजा दोघांच्या मधे घेतात. डोंबिवलीहून अठरा वर्षं लोकलने गेलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. गर्दीत पाठीवरची सॅक पोटाशी घ्यायचीच असते. हे अंग वळवणं हीच खूण. मग प्रथिनाचा एक तुकडा सुटून केंद्रकात जातो आणि ‘ओले’ला कामाला लावतो.

हे थेट माणसातच का बघू नये? माणसाकडे अशी जनुकं दोन, शिवाय आपण जेवणातून वाटेल ती चरबी आत ढकलतो; हिशेब लागायचा कसा? यीस्टचा संसार आटोपशीर. जनुकं सुमारे सहा हजार, सगळा जनुकसंच 1996 सालीच वाचून झालेला, आणि दीड तासात एकाचे दोन. ‘ओले’ काढून टाकलं, तर ओलेइक बाहेरून भरवल्याशिवाय ते जगत नाही. 1990 साली संशोधकांनी त्या जागी उंदराचं जनुक बसवून पाहिलं, आणि यीस्टचं काम बिनबोभाट चाललं. आपल्या स्वयंपाकघरात उंदराची कुणी अशी कदर केल्याचं मला आठवत नाही.

अर्थात यीस्ट म्हणजे आपण नव्हे. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल, त्याच्या पटलात एर्गोस्टेरॉल. बुरशीची मंडळी बहुतेक एर्गोस्टेरॉलवालीच. 2021 साली म्युकरमायकोसिसच्या दिवसांत लोक ज्या अँफोटेरिसिन औषधासाठी वणवण फिरले, ते बुरशीला पकडतं ते या एर्गोस्टेरॉललाच. एवढ्याशा फरकावर किती घरं तेव्हा डोळे लावून बसली होती.

"काका, बाटलीत थोडं शेंगदाण्याचं तेल घाला ना. थिजायचं नाही."

"आणि डोक्याला चटणीचा वास," आतून हिचा आवाज आला.

मी काही बोललो नाही. माझ्या खात्यावर गदा येत होती. कठड्यावरचं ऊन वीतभर सरकलं होतं, बाटली सरकवली.