नवा कोरा कचरा

रात्री पावणेदहाला ‘तिसरी ब पालक’ या ग्रुपवर निरोप आला. उद्या वर्गात ‘टाकाऊतून टिकाऊ’. प्रत्येक मुलाने आणायचे: प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या दोन (एकसारख्या, चेपलेल्या नकोत), थर्माकोलचा तुकडा एक, ग्लिटरच्या ट्यूब दोन आणि आइसक्रीमच्या काड्या पन्नास. पाच मिनिटांत एकोणतीस पालकांनी ‘नोटेड मॅम’ लिहून हात जोडले. तिसावा मी. हात जोडायच्या आधी यादी वाचायची असते, हे बायकोने नंतर सांगितलं.

पन्नास काड्या! आमच्या घरात माणसं चार. म्हणजे माणशी साडेबारा आइसक्रीमं. आईला मधुमेह, तेव्हा तिची साडेबारा माझ्या वाट्याला. मुलीला टॉन्सिल्सचा त्रास, तेव्हा तिची बायकोकडे. रात्री दहा ते सकाळी सात या वेळात आम्ही नवरा-बायकोने प्रत्येकी पंचवीस आइसक्रीमं चोखायची, म्हणजे साधारण दर बावीस मिनिटांना एक. मग काड्या धुवायच्या, पंख्याखाली वाळवायच्या, आणि पोरीला शाळेत सोडून घसे धरून डॉक्टरकडे जायचं. हे झालं एका घराचं. वर्गात पोरं ४८, म्हणजे काड्या २,४००. तिसरीच्या तुकड्या चार, म्हणजे ९,६००. शाळेने हा हिशेब केला नव्हता असं समजू नका. आइसक्रीम कुणीच खाणार नाही, हे शाळेला पक्कं ठाऊक होतं.

शाळेसमोरच्या स्टेशनरीवाल्यालाही ठाऊक होतं. एरवी साडेनऊशिवाय त्याचं शटर वर जात नाही. त्या दिवशी साडेसहालाच उघडं होतं आणि पायजम्यावर आलेल्या बापांची रांग फुटपाथपर्यंत होती. माझा नंबर आला तसा तो मान वर न करता म्हणाला, ‘टाकाऊ ना? साधं की रंगीत?’

मी चक्रावलो. कचऱ्यातही साधा आणि रंगीत असतो? असतो. काड्या लाल-हिरव्या-पिवळ्या मिळतात, जाड मिळतात, बारीक मिळतात, कापून हृदयाच्या आकाराच्या केलेल्याही मिळतात. पन्नासाचं पाकीट, पाकिटाला प्लास्टिकचं वेष्टण, वेष्टणाला होलोग्रामचं स्टिकर. नकली टाकाऊ कुणी खपवू नये म्हणून असेल. मागच्या फळीवर पिस्त्याची टरफलं होती. पिस्ते नव्हते, नुसती टरफलं, पाव किलोच्या पुड्यांत. कधीच गाणं न ऐकलेल्या कोऱ्या सीड्या होत्या. कुणाच्याही हातात न चढलेल्या बांगड्यांच्या काचा होत्या. आणि रिकाम्या काडेपेट्या होत्या. त्यांत काडी कधी भरलीच नव्हती; कारखान्यातून निघाल्या त्याच रिकाम्या. एक सद्गृहस्थ दुकानदाराशी हुज्जत घालत होते की या काडेपेटीच्या कडेला घासल्याच्या खुणा नाहीत, मॅम ओळखतील. दुकानदाराने शांतपणे ड्रॉवरमधून एक काडी काढली, पेटीच्या कडेवर दोनदा घासली आणि पेटी परत केली. ‘घ्या, वापरलेली.’ मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. वस्तू वापरायची, जुनी करायची आणि मग टाकायची, या सगळ्याला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. त्याने ते काम दोन सेकंदांत उरकलं.

झाड उभं असतं. ते कापतात. त्याच्या फळ्या, फळ्यांच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या काड्या. काडी गुळगुळीत करतात, टोकं गोल करतात, का, तर चोखताना ओठाला कूस लागू नये. आणि मग कुठल्याही ओठापर्यंत न जाता ती काडी सरळ कचरा म्हणून दुकानात येते. गाय मारून तिच्या कातड्यावर ‘गाय वाचवा’ लिहिण्यातला प्रकार आहे हा. पण तिसरीच्या पोरांना तो सुबक अक्षरात लिहिला तर दहापैकी दहा मिळतात.

थर्माकोलची गोष्ट थोडक्यात सांगतो. सजावटीचा थर्माकोल आपल्या राज्यात मार्च २०१८ मध्ये बंद झाला, १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. गणपतीचं थर्माकोलचं मखर गेलं, बाप्पाने मुकाट्याने पुठ्ठ्यावर भागवलं. दुकानदाराने मात्र काउंटरच्या खालून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पर्यावरण प्रकल्पासाठी लागणारा थर्माकोल मला दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी बंदी असलेला माल घेतला, तोही पृथ्वी वाचवायला.

बाटल्या? बाटल्या घरात एकसारख्या नव्हत्या, म्हणून पाण्याच्या दोन नव्या घेतल्या आणि पाणी दुकानापुढच्या गटारात ओतलं. मी एकटा नव्हतो. गटार त्या सकाळी खळाळत वाहत होतं.

संध्याकाळी मुलगी सगळं साहित्य घेऊन परत आली. वहीत शेरा: ‘वर्गात सुरुवात केली आहे. उरलेले घरी पूर्ण करून आणावे.’ सुरुवात म्हणजे एका बाटलीवर मार्करने तिचं नाव. उरलेलं आम्ही रात्री दीडपर्यंत पूर्ण केलं. माझा अंगठा ग्लू गनने भाजला. मुलगी साडेनऊलाच झोपली. ‘पालकांनी फक्त मार्गदर्शन करावे’ या शाळेच्या सूचनेचा काटेकोर सन्मान तिच्याइतका कुणी केला नसेल. तयार काय झालं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पेनस्टँड. आमच्या घरातला सातवा. लिहिणारं पेन घरात एक आहे आणि ते माझ्या खिशात असतं.

५ जूनचा पर्यावरण दिन जगभर साजरा होतो, पण आपल्याकडे तो नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत सापडतो. म्हणून शाळेने या वस्तूंचं प्रदर्शन जूनच्या शेवटी ठेवलं होतं. हॉलमध्ये १९० पेनस्टँड आणि दोन फुलदाण्या मांडलेल्या. आमच्या आईने हौसेने एक पायपुसणं दिलं होतं. बाबांचं धोतर, तिची विटलेली सहावारी आणि माझ्या शाळेच्या शर्टाच्या चिंध्या वळून वेणीसारखं शिवलेलं, वीस वर्षं मोरीच्या दाराशी पडलेलं, धुऊन स्वच्छ केलेलं. मॅडमनी ते दोन बोटांत धरून परत दिलं. ‘आजी, छान आहे हो, पण जुनं दिसतंय.’

इथे माझं डोकं फिरलं, आणि ते अजून जाग्यावर आलेलं नाही. बाई, ते जुनंच आहे! टाकाऊ म्हणजे काय असतं, हे त्या अख्ख्या हॉलमध्ये फक्त त्या पायपुसण्याला माहीत होतं. ही माझी आई दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडत नाही, लोंबता ठेवते, म्हणजे तो वेगळा होऊन केरात जात नाही. पिशवी धुते, ओट्यामागच्या टाइल्सवर पालथी चिकटवते. वाळून ती आपोआप सुटते, मग घडी, मग दाराच्या खुंटीवरची मोठी पिशवी, मग महिन्याने भंगारवाला. पुनर्चक्रीकरण हा शब्द ऐकवला तर ती विचारेल, हे कुठलं व्रत? आणि पिशवीवरून आठवलं. थर्माकोल बंद करणाऱ्या २०१८च्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे गिऱ्हाइकाला पन्नास पैसे परत द्यायची तरतूद होती. आई रोज दोन पिशव्या धुते. मी वर्षानुवर्षं डेअरीवाल्याकडे माझे पन्नास पैसे मागतो आहे आणि तो वर्षानुवर्षं मला वेड्यात काढतो आहे. पैशाचा प्रश्न नाही. आहे, पैशाचाच आहे! तीनशे पासष्ट रुपये होतात वर्षाचे. त्यात काड्यांची किती पाकिटं आली असती.

बक्षीस एका पेनस्टँडला मिळालं. प्रमाणपत्रावर ‘पर्यावरणमित्र’ असं छापलेलं होतं आणि ते खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट केलेलं होतं. कागद रद्दीत गेला असता, तीही सोय बंद. समारंभ संपल्यावर शाळेच्या वॉचमनने ‘प्लास्टिक हटवा’चा बारा फुटी फ्लेक्स उतरवला, गुंडाळला आणि मागच्या आपल्या खोलीच्या गळक्या पत्र्यावर अंथरून चार विटा ठेवल्या. पाऊस तिथल्या तिथे थांबला. परीक्षक तोवर गाडीत बसले होते.

रविवारी भंगारवाला आला. मी सातही पेनस्टँड त्याच्यापुढे ठेवले. त्याने एक उचलून नखाने ग्लिटर खरवडून पाहिलं. ‘काका, बाटली साधी असती तर घेतली असती. रंग लावला, गोंद लावला, लाकूड चिकटवलं. हिला आता कोण घेतो?’ साधी बाटली त्याच्याकडून पुढे जाते, तिचे तुकडे होतात, तुकड्यांचा धागा होतो, धाग्याचं कापड होतं. आमची बाटली कुठेच जाणार नाही. ती आता कुजायची नाही, वितळायची नाही, विकली जायची नाही. नातवंडं येतील-जातील, ती ग्लिटरसकट इथेच असेल. शाळेने दिलेलं नाव अगदी चोख आहे, टिकाऊ झाली ती.

तर मंडळी, पेनस्टँडला काड्या लागल्या अडतीस. बारा उरल्या आहेत. तुमच्याकडे कुणाचा प्रकल्प असेल तर येऊन घेऊन जा. एकदाही वापरलेल्या नाहीत.